'ढ' ठरलेल्या मुलांची हकीकत

आपल्या मराठी शाळेत एक शिवी अशी आहे, की ती द्यायला एकच अक्षर पुरते. ते अक्षर म्हणजे 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून आजच्या बाळबोध लिपीपर्यंत येता येता बाकीच्या अक्षरांची वळणे बदलत गेली, पण ढ होता तसाच राहिला. म्हणून कितीही शिकवले तरी जो बदलत नाही तो 'ढ', अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. उपपत्ती खरी असो वा नसो, शब्द मात्र जिवाला लागतो. एकदा कपाळी बसला की जन्मभर पुसला जात नाही.

असा एखादा मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. म्हशीची धार काढावी तर त्याने. विहिरीवरचे इंजिन उघडून पुन्हा बसवावे तर त्याने. बाजारचा हिशेब तो तोंडी करतो, कीर्तनात ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. पण वाचनाचे पुस्तक हातात दिले की बिचारा घामाघूम होतो. 'कमळ' समोर असताना 'कळम' म्हणतो. काल वाचलेला शब्द आज त्याला परका वाटतो. गुरुजी म्हणतात, "लक्ष नाही." वडील म्हणतात, "अंग राखतोय." मुलगा काहीच म्हणत नाही. तो मागच्या बाकावर सरकतो, आणि एक दिवस दप्तर ठेवून शाळेतून कायमचा उठून जातो.

या मुलाला झाले आहे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला जगाला शंभरावर वर्षे लागली. त्या शोधाची हकीकत आज आपणांपुढे ठेवायची आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचे लहानसे गाव आहे. तेथे प्रिंगल मॉर्गन नावाचे एक साधे डॉक्टर होते. त्यांच्याकडे पर्सी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा तपासायला आला. घर सुशिक्षित, मुलगा चलाख, खेळात तरबेज, नजर उत्तम. सातव्या वर्षापासून तो शाळेत किंवा खासगी शिक्षकांकडे शिकत होता. इतके करून त्याला मुळाक्षरे येत होती आणि अगदी लहानसहान शब्द तेवढे वाचता येत होते. त्यापुढे गाडी जात नव्हती. स्वतःचे नाव लिहितानासुद्धा त्याने मधली दोन अक्षरे उलटसुलट केली, आणि दाखवून देईपर्यंत ती चूक त्याच्या ध्यानातही आली नाही. आपल्याकडे 'पर्व' लिहिताना रफार चुकून 'प्रव' होतो ना, त्याच जातीची ही चूक.

पण आकड्यांचे काय? डॉक्टरांनी त्याला ७४९ ला ८६७ ने गुणायला सांगितले. पर्सीने तो गुणाकार भराभर आणि बिनचूक केला. आपल्यापैकी कोणाला हौस असेल तर कागदावर करून पाहावा. उत्तर ६,४९,३८३ येते. असा गुणाकार करणाऱ्या मुलाला मंदबुद्धी कोण म्हणेल?

डॉक्टर मॉर्गन यांनी ही हकीकत लिहून काढली आणि ती ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात छापून आली. जन्मजात वाचनदोषाचे हे पहिल्या काही नोंदींपैकी एक वर्णन. त्यात एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. पर्सीला काही वर्षे शिकवणाऱ्या मास्तरांनी डॉक्टरांना सांगितले होते, की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा आमच्या शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. म्हणजे पाहा, मुलगा 'ढ' नाही हे त्याच्या मास्तरांनी आधीच ओळखले होते. डॉक्टरांनी त्याला शास्त्राचे नाव दिले, एवढेच.

नावाचीही एक गंमत आहे. पक्षाघातासारख्या आजारानंतर चांगल्या शिकलेल्या माणसाची वाचनशक्ती एकाएकी जाते, डोळे मात्र शाबूत राहतात, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होते. जर्मनीतील कुसमाउल यांनी १८७७ मध्ये या अवस्थेला 'शब्दांधत्व' म्हटले. पुढे १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्यांनी 'डिस्लेक्सिया' हा शब्द काढला. ग्रीक भाषेत 'डिस' म्हणजे कष्ट आणि 'लेक्सिस' म्हणजे शब्द; शब्दांचे कष्ट, असा त्याचा सरळ अर्थ. हा शब्द मोठ्या माणसांच्या आजारासाठी घडवला होता, पण पुढे तो पर्सीसारख्या मुलांना चिकटला आणि तोच जगभर रूढ झाला.

पहिल्या काळात या विषयाकडे लक्ष दिले ते प्रामुख्याने नेत्रवैद्यांनी. मूल वाचत नाही, मग दोष डोळ्यांत असणार, म्हणून आईबाप त्याला डोळे तपासायला नेत. ग्लासगो शहरातले जेम्स हिन्शेलवुड हे असेच एक नेत्रवैद्य. वीसपंचवीस वर्षे त्यांनी अशी मुले पाहिली आणि १९१७ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. डोळ्यांत दोष नाही, शब्दांची ओळख मेंदूत जेथे साठते तेथे काही उणे आहे, असे त्यांचे मत होते. त्याहून मोलाचा होता त्यांचा सल्ला. अशा मुलाला एकट्याला शिकवावे. धडा लहान असावा, पण दिवसातून पुनःपुन्हा घ्यावा. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे, पण आजच्या शिक्षकालाही ती तितकीच लागू पडते.

अमेरिकेत आयोवा संस्थानात सॅम्युएल ऑर्टन नावाच्या मेंदूच्या डॉक्टरांनी १९२५ मध्ये शाळकरी मुलांच्या या अडचणीवर निबंध प्रसिद्ध केला. अक्षरे उलटी वाचणे, शब्द शेवटाकडून वाचणे यांकडे त्यांनी विशेष लक्ष वेधले. ॲना गिलिंगहॅम या शिक्षिकेने ऑर्टन यांच्या विचारांवर शिकवण्याची पद्धत बसवली: अक्षर डोळ्यांनी पाहायचे, त्याचा उच्चार कानांनी ऐकायचा, तोंडाने म्हणायचा आणि त्याच वेळी बोटाने गिरवायचा, एक अक्षर पक्के झाल्यावाचून दुसऱ्याकडे जायचे नाही.

श्रोतेहो, हे ऐकून आपल्यातल्या जुन्या माणसांना काही आठवते का? आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे आणि मोठ्याने म्हणायचे. हात, डोळा, कान आणि जीभ एका वेळी कामाला लागत. पंतोजींची छडी आपल्याला नको. पण त्यांची धूळपाटी मोडीत काढताना आपण एक चांगले साधन गमावले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

पुढे १९७० नंतरच्या संशोधनाने दिशा आणखी स्पष्ट केली. अक्षरे उलटी दिसतात ही समजूत मागे पडली. मुख्य अडचण दिसण्याची नसून आवाजांची आहे, असे आढळले. 'कमळ' हा शब्द आपण एका दमात बोलतो. पण वाचायला शिकायचे तर त्याचे क, म आणि ळ असे सुटे तुकडे मनातल्या मनात करावे लागतात, आणि कोणता आवाज कोणत्या खुणेचा हे चटकन जुळवावे लागते. बोलणे मूल आपोआप शिकते. लिहिण्याची विद्या माणसाने अवघ्या पाचएक हजार वर्षांत केलेली आहे. ती प्रत्येकाला नव्याने कमवावी लागते. ही जुळवणी काहींना सोपी जाते, काहींना फार जड जाते. तिचा बुद्धीशी संबंध नाही. पुष्कळदा ती घराण्यात चालत येते. बापाला होती ती मुलाला असते.

शास्त्रज्ञांना पटले म्हणून सरकारला आणि शाळांना लगेच पटले असे मात्र झाले नाही. खुद्द इंग्लंडातच कित्येक अधिकारी म्हणत, की डिस्लेक्सिया वगैरे काही नाही. खात्यापित्या घरच्या आईबापांनी मंद मुलासाठी शोधलेले ते गोंडस नाव आहे. लंडनमध्ये १९६० नंतर 'वर्ड ब्लाइंड सेंटर' निघाले, तेथे मुलांची पद्धतशीर तपासणी झाली, आणि केंद्राच्या संचालिका संध्या नायडू यांचा त्यावरील ग्रंथ १९७२ मध्ये निघाला. त्याआधी १९७० च्या एका कायद्यात 'डिस्लेक्सिया' हा शब्द पहिल्यांदा आला. पर्सीपासून मोजले तर चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती.

या चौऱ्याहत्तर वर्षांत किती मुले 'ढ' म्हणून बाहेर पडली असतील, याची मोजदाद कोणी केली नाही. पण त्यांतल्या एकाची कथा जगाला ठाऊक आहे.

जॅकी स्टुअर्ट यांचा जन्म १९३९ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. वडिलांचे मोटारींचे गॅरेज. शाळेत वाचायला उभे केले की अक्षरांचे जंगल दिसायचे आणि वर्ग हसायचा. पंधराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली आणि गॅरेजात उमेदवारी धरली. पेट्रोल भरायचे, गाड्यांना वंगण द्यायचे. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरण्यात ते इतके तयार झाले, की १९६० च्या ऑलिंपिक संघात त्यांची निवड थोडक्यात हुकली. मग गॅरेजच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना आपली शर्यतीची गाडी चालवून पाहायला दिली, आणि पुढचा इतिहास घडला. १९६९, १९७१ आणि १९७३ अशा तीन वर्षी ते मोटार शर्यतींचे जागतिक अजिंक्यवीर ठरले.

जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंग हा शर्यतीचा जुना मार्ग सुमारे तेवीस किलोमीटरचा, डोंगराळ, दीडशेहून अधिक वळणांचा. १९६८ मध्ये धुक्यात आणि धो धो पावसात तेथे झालेली शर्यत स्टुअर्ट यांनी चार मिनिटांहून अधिक अंतराने जिंकली. त्या मार्गावरचे प्रत्येक वळण, कोठे गियर बदलायचा आणि कोठे ब्रेक लावायचा, हे त्यांना तोंडपाठ होते. आणि याच माणसाने स्वतः सांगितले आहे, की मला मुळाक्षरे ओळीने म्हणता येत नाहीत!

त्यांना आपल्या अडचणीचे नाव कळले ते १९८० च्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर. मुलगा मार्क शाळेत मागे पडत होता, म्हणून त्याची तपासणी झाली. मुलाबरोबर बापाचीही झाली आणि दोघांचा दोष एकच निघाला. तीनदा जग जिंकलेला हा माणूस तोवर स्वतःला मनातून मूर्खच समजत होता. लहानपणी बसलेला शिक्का कीर्तीने पुसला गेला नाही. नाव कळले तेव्हा कोठे पुसायला लागला.

आता कोणी म्हणेल, मग काय, अशी मुले मोटारी पळवून नाव काढतील! तसे नाही. स्टुअर्ट हजारांत एक. डिस्लेक्सिया असलेला प्रत्येक मुलगा अजिंक्यवीर होणार नाही, जसा वाचता येणारा प्रत्येक मुलगा पंडित होत नाही. उलट, गाडी शिकणेसुद्धा यांतल्या पुष्कळांना सुरुवातीला अवघड जाते. शिकवणारा घाईने म्हणतो, "पुढून डावीकडे घे, मग दुसरं उजवं वळण, मग पुलाखालून." एवढी साखळी त्याच्या ध्यानात राहत नाही. डावे-उजवे ऐन वेळी उलट होते. वेगात असताना पाटीवरचे गावाचे नाव वाचून होत नाही.

यावर उपाय साधे आहेत. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती वळण येण्याच्या बरीच आधी द्यावी. 'डावे-उजवे' म्हणण्यापेक्षा 'तुझ्या बाजूला', 'माझ्या बाजूला' म्हणावे. आपल्याकडे चालवणारा उजवीकडे बसतो, तेव्हा त्याची बाजू ती उजवी, हे शरीराला आपोआप कळते. कृती हाताने पुनःपुन्हा करून घ्यावी. एकदा हाताला कळले की ते सहसा विसरत नाही.

रस्त्यावरच्या खुणांचाही येथे उपकार मानला पाहिजे. १९०९ मध्ये पॅरिस येथे कित्येक देशांनी मिळून मोटारींसाठी चार धोक्याच्या खुणा ठरवल्या: खाचखळगा, वळण, चौरस्ता आणि रेल्वेचे फाटक. परदेशच्या प्रवाशाला भाषा येत नसली तरी कळावे, म्हणून त्या चित्रांच्या केल्या. आज आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या खुणा त्याच कुळातल्या. परभाषेच्या माणसासाठी केलेली सोय वाचता न येणाऱ्या माणसाच्याही कामी आली.

परवान्याच्या परीक्षेचे तसेच आहे. ब्रिटनमध्ये १९९६ पासून लेखी परीक्षा आली, तेव्हा वाचनाची अडचण असलेल्यांना जादा वेळ आणि प्रश्न कानाने ऐकण्याची सोय मागता येऊ लागली. आपल्या देशात ट्रक, बस, टॅक्सी अशी व्यवसायाची वाहने चालवायला आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्रीय नियमांत होती. ती २०१९ मध्ये काढण्यात आली. हात तयार आहे, नजर तयार आहे, नियम ठाऊक आहेत, पण शाळेचा दाखला नाही, अशा माणसाला त्यामुळे वाट मिळाली. अर्थात, कौशल्याची आणि नियमांच्या ज्ञानाची परीक्षा कायम आहे, आणि ती असलीच पाहिजे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पर्सीची हकीकत छापून आल्याला बरोबर शंभर वर्षे झाली, त्या १९९६ साली महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना शालेय परीक्षांत सवलती देण्याचा निर्णय घेतला. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे सौम्य दृष्टी, अशा प्रकारच्या त्या सवलती. त्याच वर्षी मुंबईत 'महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन' ही संस्था सुरू झाली. २००७ मध्ये आलेल्या 'तारे जमीन पर' या हिंदी चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' या नावाने त्याला स्थान मिळाले. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते नव्हते.

कायदा झाला, पण तो मागच्या बाकापर्यंत पोचला का? सवलत मिळायला तपासणी लागते, दाखला लागतो. शहरातल्या शिकलेल्या आईबापांना हा रस्ता ठाऊक असतो. खेड्यातल्या बापाला मुळात शंकाच येत नाही, कारण त्याच्याकडे उत्तर तयार असते: पोरगं 'ढ' आहे. एकाच अडचणीच्या दोन मुलांपैकी एकाला दाखला मिळतो आणि दुसऱ्याला शिवी मिळते. हे अंतर कमी करणे एकट्या डॉक्टरांच्या हातचे नाही. ते पहिल्यांदा शिक्षकांच्या हातात आहे.

म्हणून शिक्षक बंधू-भगिनींना चार गोष्टी सुचवतो.

पहिली, घाईने निदान करू नये. वाचनात मागे पडलेल्या प्रत्येक मुलाला डिस्लेक्सिया नसतो. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मुलाची शाळा ऊसतोडणीमुळे बुडते का, घरची बोली अहिराणी, गोंडी अशी वेगळी आहे का, हे पाहावे. हे सर्व ठीक असून, समज चांगली असून, वाचनच तेवढे अडत असेल, तर शंका घ्यावी आणि पालकांना तपासणीसाठी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करायला सांगावे. यावर गोळी नाही, अंगारा नाही. शिकवणे हेच औषध.

दुसरी, आपल्या लिपीतल्या फसव्या जागा ओळखाव्यात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, ट, ठ आणि ढ: सारख्या चेहऱ्याची अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. 'कि' मध्ये वेलांटी आधी लिहितात, पण तिचा उच्चार मागून येतो. रफाराचा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. आपल्याला सवयीने यातले काही वाटत नाही. त्या मुलाला मात्र हा प्रत्येक वेळी नवा चकवा असतो. तेव्हा एक अक्षर घ्यावे, वाळूत किंवा पाटीवर मोठे गिरवून घ्यावे आणि आवाज मोठ्याने म्हणवून घ्यावा.

तिसरी, सर्व वर्गापुढे त्याला मोठ्याने वाचायला उभे करू नये. चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहिण्याची शिक्षा देऊ नये. त्याने हात दुखतो, शब्द येत नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: त्याला काय समजले हे तोंडी विचारावे. इतिहासाचा धडा वाचून दाखवावा आणि प्रश्न विचारावेत. वाचन वेगळे आणि ज्ञान वेगळे. आज मोबाइल फोनसुद्धा मराठी मजकूर वाचून दाखवतो. त्याचा उपयोग करावा. त्याबरोबर वाचनाचा सराव रोज थोडा थोडा चालूच ठेवावा, कारण सवलत म्हणजे शिकवण्यापासून सुटका नव्हे.

आणि पालकांनो, घरी मुलाला 'ढ' म्हणू नका. आपल्यालाही लहानपणी असेच जड गेले असेल, तर तसे त्याला मोकळेपणाने सांगा. बापाचे ते एक वाक्य मुलाला पुष्कळ बळ देईल.

शेवटी पुन्हा सीफर्डच्या त्या मास्तरांची आठवण होते. त्यांच्याजवळ ना यंत्र होते, ना कसली चाचणी. त्यांनी मुलाकडे नीट पाहिले होते, आणि याला अडते ते फक्त पुस्तकातून शिकताना, एवढे ओळखले होते. उद्या सकाळी शाळा भरेल, तेव्हा गुरुजींनी एकदा मागच्या बाकाकडे पाहावे. तेथे पर्सी बसलेला असेल. त्याला आधी तोंडी एक प्रश्न विचारून पाहावा.